कीवर्ड आधी की लेख आधी? एकाच गडावर दोनदा लिहून पाहिलं

हरिश्चंद्रगडावर माझे दोन लेख आहेत. पहिला कीवर्डची, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात त्या शब्दांची, यादी समोर ठेवून लिहिला. दुसरा त्यानंतर दीडेक वर्षाने, गडाच्या पायथ्याच्या पाचनईहून परत आल्यावर दोन रात्रींत, कीवर्ड हा शब्द डोक्यातही न आणता. ब्लॉग सुरू करणारं कुणीतरी दर दोन-तीन महिन्यांनी विचारतं की आधी कीवर्ड शोधायचे की आधी लिहून मोकळं व्हायचं. मी दोन्ही लेखांच्या लिंक पाठवून देतो. मग उलट प्रश्न येतो, "ते ठीक, पण तू काय करतोस?" त्याचं उत्तर जरा लांब आहे.

कीवर्डवाल्या पद्धतीबद्दल तक्रारीने सुरुवात करणं अन्यायाचं होईल. तिचा मोठा गुण म्हणजे कोऱ्या पानाची भीती जाते. सर्चच्या चौकटीत 'हरिश्चंद्रगड' टाकलं की खाली यादी लटकते: माहिती मराठी, किती वेळ लागतो, राहण्याची सोय, कोकणकडा, पुण्याहून अंतर. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच काय मागणार ते कळावं, तसं. 'राहण्याची सोय' हा प्रश्न मला सुचलाच नसता, कारण आम्ही कॅरीमॅट टाकून मिळेल तिथे आडवी होणारी माणसं. यादीमुळे तो परिच्छेद लिहिला गेला, आणि त्या लेखात आजही सगळ्यात उपयोगी तोच आहे. शिवाय देवनागरीत शोधणाऱ्यांसाठी लिहिणारे तुलनेने कमी. माझा लेख काही आठवड्यांतच पहिल्या पानावर दिसू लागला. इंग्रजीत हे इतक्या सहज झालं नसतं, असं आपलं मला वाटतं.

खोट लिहितानाच जाणवायला लागली होती. वर येणारी दहा पानं उघडायची, त्यांची उपशीर्षकं उतरवून घ्यायची आणि ती सगळी ज्यात आहेत असा अकरावा लेख तयार करायचा, अशी ती रीत. त्या दहाही पानांवर केदारेश्वराच्या गुहेतलं शिवलिंग होतं, भोवतीचं गार पाणी होतं, चारांपैकी उरलेला एक खांब होता, आणि चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जगबुडी, ही आख्यायिकाही होती. अकराव्यातही ती आली. त्या पाण्यातून मी स्वतः प्रदक्षिणा घातलेली आहे. बाहेर आल्यावर पाय इतके बधिर होते की दहा मिनिटं दगडावर नुसता बसून होतो. ते लेखात नाही. यादीत तसा कीवर्ड नव्हता.

तरी एवढ्यावरून मी पद्धत सोडली नसती. सोडायला लावलं ते विभक्तीने.

ज्यांनी एसईओचं, म्हणजे लेख सर्चमध्ये वर यावा म्हणून सूचना देणारं, प्लगिन ब्लॉगला जोडलंय त्यांना तो ठिपका ठाऊक आहे. मुख्य कीवर्ड भरायचा, मग तो लेखात किती वेळा आला, पहिल्या परिच्छेदात आहे का, उपशीर्षकात आहे का, हे बघून लाल, नारिंगी नाहीतर हिरवा. मी 'हरिश्चंद्रगड ट्रेक' भरलं होतं. हरिश्चंद्रगडावर, हरिश्चंद्रगडाचा, ट्रेकला, ट्रेकमध्ये अशी रूपं लेखात वीसेक वेळा तरी असतील. ठिपका लाल. प्लगिनच्या हिशेबी तो शब्द एकदाच आला होता, शीर्षकात. इंग्रजीची वेगवेगळी रूपं त्याला कळत होती, आपल्या प्रत्ययांशी त्याची ओळखच नव्हती. मराठीत नाम वाक्यात आलं की बरेचदा जसंच्या तसं राहत नाही. पुण्यात जायचं असतं, थालीपिठाला लोणी लावायचं असतं, गडावर चढायचं असतं. कोरा शब्द पुन्हापुन्हा बसवायचा तर वाक्यच मोडावं लागतं.

मी मोडली. "हरिश्चंद्रगड ट्रेक करण्यासाठी हरिश्चंद्रगड ट्रेक माहिती असणे आवश्यक आहे." हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत असताना लिहिलंय. 'ट्रेकची' हे रूप प्लगिन मानेना, म्हणून प्रत्यय तोडून 'ट्रेक ची' केलं. तोडल्याबरोबर ठिपका नारिंगी झाला आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. याच चुकीसाठी चौथीत बाईंनी वहीत लाल गोल केला असता. रात्री साडेअकराला ठिपका हिरवा झाला, तेव्हा मी लेख प्रसिद्ध करून झोपलो.

पुढच्या हिवाळ्यात राजूरहून पाचनईला जीपने निघालो होतो. मागच्या सीटवरच्या मित्राने फोनवर तोच लेख काढला आणि आकाशवाणीवर बातम्या देतात त्या आवाजात मोठ्याने वाचायला घेतला. दुसऱ्याच परिच्छेदाला हशा सुरू झाला. तिसऱ्याला तो थांबून म्हणाला, "अरे, तू असा बोलतोस तरी का कधी? कुणाकडून लिहून घेतलंस?" ड्रायव्हरसुद्धा हसत होता. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

याच जातीचे आणखी दोन भुंगे आहेत. 'हरिश्चंद्रगड' हे नावच लोक तीन-चार तऱ्हांनी लिहितात: हरीश्चंद्रगड, हरिश्चन्द्रगड, आणि बरेचसे तर रोमन अक्षरांतच. एक रूप धरलं की बाकीची सुटतात, सगळी धरली तर लेखाची शुद्धलेखनाची वही होते. 'पायऱ्या' हा शब्द तर पडद्यावर दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो दोन प्रकारे साठतो: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. कुठला मिळणार ते तुमच्या कीबोर्डवर. रायगडाच्या पायऱ्यांवर लिहिताना कीवर्ड मी फोनवरून भरला होता आणि लेख लॅपटॉपवर लिहिला होता. अर्धा तास ठिपक्याशी भांडत होतो आणि चूक कुणाचीच नव्हती.

दुसरा भुंगा पत्त्याचा. कीवर्ड वेबपत्त्यातही हवा, म्हणून तो देवनागरीत ठेवला. व्हॉट्सअॅपवर पाठवायला घेतला तर टक्क्याच्या खुणांची आगगाडी. देवनागरीतल्या एकेका चिन्हाची तिथे नऊ अक्षरं होतात. 'हरिश्चंद्रगड' म्हणजे काना-मात्रा, हलन्त, अनुस्वार धरून बारा चिन्हं, म्हणजे १०८ अक्षरं. जपमाळच. आता पत्ता मी रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवतो. त्याने रोमनमध्ये शोधणारेही थोडेफार सापडत असावेत.

गूगलचं म्हणणं काय, ते थोडक्यात. मेटा कीवर्डचा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी, क्रमवारीसाठी आपण बघतच नाही, असं त्यांनी २००९ मध्येच सांगून टाकलंय, आपल्याकडे तो रकाना अजून भक्तिभावाने भरला जातो. २०११ मध्ये आलेल्या पांडा नावाच्या बदलाने नुसत्या भरताडाच्या साइट खाली ढकलल्या. डिसेंबर २०१९ मध्ये बर्ट हे भाषा समजून घेणारं त्यांचं तंत्र सत्तरहून जास्त भाषांत आलं, त्यात मराठी होती, आणि त्याचं कामच शब्द आजूबाजूच्या शब्दांसह समजून घेण्याचं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्चचे निकाल तपासणाऱ्या त्यांच्या मूल्यमापकांच्या मार्गदर्शिकेत लिहिणाऱ्याचा 'अनुभव' हा वेगळा मुद्दा आला. म्हणजे प्लगिनला 'गडावर' कळत नसलं तरी गूगलला बहुधा कळतं. मी ज्याला खूश करायला वाक्यं मोडत होतो तो परीक्षक नव्हताच, शिकवणीवाला होता.

दुसरा लेख त्या जीपच्या फेरीनंतरचा. त्यात टोलारखिंडीच्या वाटेवर रेलिंगचा टप्पा संपला की "आलंच आता" असं सोबतच्यांना सांगू नका, हे आहे, कारण त्यापुढे पठारावरच्या टेकड्या सुरू होतात आणि एक उतरलं की दुसरी समोर उभी राहते. संध्याकाळी कोकणकड्यावर वाऱ्याने टोपी खाली जायच्या ऐवजी वर कशी उडाली, ते आहे. पाचनईच्या ओढ्याकाठच्या कातळावर पावसात माझा कुठला बूट घसरला आणि कुठला टिकला, तेही. पहिले तीन-चार महिने त्याला कुत्रं विचारत नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या काळात माणूस खचतो आणि पुन्हा ठिपक्याकडे जातो.

मग सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे लोक काय शोधून आपल्या साइटवर आले ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, चित्रविचित्र शोध दिसू लागले: पाचनई वाट पावसात लहान मुलं, कोकणकडा वारा टोपी, टोलारखिंडीनंतर किती चढ. कीवर्डच्या कुठल्याच यादीत हे मला आधी मिळालं नव्हतं. एकेका शोधामागे माणसं मोजकी, पण असे शोध पुष्कळ. आणि ही माणसं लेख खालपर्यंत वाचतात, मग मेल करतात. पहिल्या लेखावर आलेला एकमेव मेल 'तुमच्या साइटसाठी बॅकलिंक देतो', म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे लिंक लावून देतो, असा होता.

क्लिक पहिल्या लेखालाच अजून जास्त आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगलं लिहिलं की ते आपोआप वर येतं, असंही मी म्हणणार नाही. उत्तम लेख पाचव्या पानावर कुजताना पाहिलेत. तुमचा विषय सरकारी योजनेचा अर्ज, परीक्षेचा निकाल, कागदपत्रांची यादी असा असेल, तर कीवर्ड आधी हेच बरोबर. तिथे माणूस घाईत असतो, त्याला नेमक्या शब्दाला नेमकं उत्तर हवं असतं, माझ्या बुटांचं त्याला काय? जाहिरातींवर घर चालवायचं असेल तरीही कदाचित तेच. पाककृतींचं मधलं आहे, प्रमाण हवं आणि हातही दिसायला हवा. प्रवास, ट्रेक, बागकाम, पुस्तकं, आजारपणातले अनुभव अशा विषयांत मात्र मी तरी लेख आधी लिहीन.

सध्या मी लेख आधी लिहून एक रात्र तसाच ठेवतो. सकाळी सर्चची यादी बघतो आणि त्यातला एखादा खरा प्रश्न माझ्याकडून राहिला असेल तर तो परिच्छेद घालतो. शीर्षकात लोक वापरतात तो शब्द मूळ रूपात एकदा येऊ देतो, कारण शीर्षकात विभक्ती नसली तरी कानाला खटकत नाही. पुढे वाक्य मागेल ते रूप. फोटोखालच्या ओळींकडे आणि फोटो दिसला नाही तर त्याजागी येणाऱ्या पर्यायी मजकुराकडे पूर्वी मी बघायचोही नाही. तिथे 'पाचनई वाटेवरचा ओढा' असं सरळ लिहिलं की कीवर्डचं कामही होतं आणि कुणाला टोचतही नाही. तीन-चार महिन्यांनी सर्च कन्सोल उघडून लेखाला पुरवणी जोडतो. तिथे मागच्या १६ महिन्यांची माहिती मिळते, म्हणजे मागचा पावसाळा या पावसाळ्याशेजारी ठेवून बघता येतो. ट्रेकवाल्याला याहून कामाचं काही नाही. साइटमॅपपुरतं, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी गूगलला देण्यापुरतं, प्लगिन ठेवलंय, ठिपक्याचा रकाना बंद.

पहिल्या लेखाचं काय करायचं ते ठरत नाही. दोनदा तो काढून टाकायला बसलो होतो. 'ट्रेक ची' तेवढं जोडून घेतलं, ते हास्यास्पद वाक्य उडवलं, आणि मग राहण्याच्या सोयीचा परिच्छेद वाचून थांबलो. दर मे महिन्यात पाचनईत फोन करून तो परिच्छेद ताजा करतो. यंदाचा फोन व्हायचाय.