पिनहोल डबा आणि फोटोपेपर : दिवाळीपासून गणपतीपर्यंतचा अनुभव

घरी केलेल्या पिनहोल कॅमेऱ्यात (लेन्सऐवजी सुईच्या टोकाएवढं छिद्र असलेला अंधारा डबा) फिल्मऐवजी सरळ फोटोपेपर घालून फोटो काढायला मी गेल्या दिवाळीनंतर सुरुवात केली. थंडी, उन्हाळा, पावसाळा सगळं बघून झालं, म्हणून आता सविस्तर लिहिते. मत आधीच सांगून टाकते: जरूर करा, पण डब्यापेक्षा कागदाकडे लक्ष द्या. डबा एका सुट्टीच्या दिवशी तयार होतो. कागदाला कोणता उजेड दिसतो आणि कोणता दिसत नाही, हे कळायला मात्र महिने जातात.

डबा चहापत्तीचा, चौकोनी, पत्र्याचा. आतून फळ्याचा काळा रंग दोन हात. छिद्र डब्याच्या पत्र्याला पाडू नका, तो जाड असतो. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा घ्या, जुन्या मासिकावर ठेवून सुईच्या टोकाने नुसता फुगवटा आणा, आणि तो फुगवटा मागच्या बाजूने बारीक पॉलिश पेपरने घासत राहा. घासता घासता पत्रा तिथे झिजून छिद्र आपोआप उघडतं, मग सुई हलकेच फिरवायची. याचा फायदा असा की कड पातळ आणि गोल मिळते. मोजायला स्कॅनर पुरतो. 2400 डीपीआयला एक पिक्सेल साधारण 0.0106 मिलीमीटर, म्हणजे छिद्र 36 पिक्सेल रुंद दिसलं की ते 0.38 मिलीमीटर आहे. छिद्रापासून कागद 75 मिलीमीटरवर असेल तर हेच माप बरोबर. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या सूत्राने हिशोब असा: अंतर गुणिले प्रकाशाची तरंगलांबी (0.00055 मिलीमीटर), त्याचं वर्गमूळ, गुणिले 1.9. याहून छिद्र लहान केलं तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) चित्र उलट धूसर होतं. 75 भागिले 0.38, म्हणजे एफ 200 च्या आसपास (एफ म्हणजे अंतर भागिले छिद्राची रुंदी, यावरून उजेड किती वेळ द्यायचा ते ठरतं). हा आकडा डब्यावर लिहून ठेवा, रोज लागतो.

कागद मी इलफर्डचा मल्टिग्रेड, रेझिन कोटेड (प्लास्टिकचा थर असलेला), वापरते. 5 बाय 7 इंची एका कागदाचे चार तुकडे होतात. फायबर बेस (असा थर नसलेला) कागद दिसायला देखणा, पण तो वाळताना गुंडाळतो आणि धुवायला फार पाणी लागतं, शिकण्याच्या काळात नको. कागदाचा वेग, म्हणजे तो प्रकाश किती पटकन टिपतो ते, मी आयएसओ 6 धरते. त्या हिशोबाने दुपारच्या लख्ख उन्हात अर्धा मिनिट, गडद सावलीत किंवा पावसाळी ढगाखाली पाच ते आठ मिनिटं.

आता खरी गोष्ट. हा कागद निळा आणि हिरवा प्रकाश टिपतो, लाल त्याला जवळपास दिसतच नाही. म्हणून तर लाल दिव्यात त्याला हाताळता येतं. पण याचे परिणाम दिव्यापुरते राहत नाहीत. फोनवरचं लाइट मीटर आपल्या डोळ्याच्या उजेडाचा आकडा देतं. सकाळी साडेसहा-सातच्या पिवळ्या उन्हात मीटरने एक मिनिट सांगितलं तर मी अडीच-तीन मिनिटं देते, कारण त्या उन्हात निळा भाग कमी असतो. भर दुपारी तोच आकडा जसाच्या तसा चालतो. हे एकदा पक्कं बसलं की निम्मे फुकट जाणारे कागद वाचतात.

रंगांचंही तसंच. डब्यातल्या कागदावर आधी उलटं (निगेटिव्ह) चित्र येतं, ते सुलट छापल्यावर मे महिन्यातला फुललेला गुलमोहर काळपट झुडूप होतो. शेंदराने माखलेला मारुती त्याच्या मागच्या काळ्या पाषाणाइतकाच गडद येतो, डोळे तेवढे चमकतात. झेंडूचं तोरणही काळवंडतं. निळं आकाश पांढरंफेक, ढग गायब. आपल्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांचा रंग एक-दोन छटा गडद होतो आणि त्वचेची प्रत्येक रेघ उठून दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या काचेच्या प्लेटाही मुख्यतः निळाच प्रकाश टिपत, त्यामुळे त्या काळच्या फोटोंतलं कोरं आकाश आणि गडद चेहरे कुठून आले ते या डब्यामुळे हातात कागद धरून कळतं. मला हा भाग सगळ्यांत जास्त आवडला. पांढऱ्या दाढीच्या आजोबांना पाच मिनिटं ओसरीच्या सावलीत बसवून काढलेला फोटो मी कुठल्याही डिजिटल फोटोशी बदलणार नाही.

मोठी अडचण आहे ती कॉन्ट्रास्टची, म्हणजे उजळ आणि गडद यांतल्या फरकाची. आपल्याकडचं ऊन आणि हा कागद यांचं जमत नाही. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, जिथे चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई विजयातली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, तिथे दुपारी काढलेल्या फोटोत पायऱ्या शाईसारख्या आणि पाणी कोऱ्या कागदासारखं येतं, मधलं काही नाही. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत.

पहिला, प्रीफ्लॅश. कागदाला थोडा प्रकाश मिळेपर्यंत त्यावर काहीच उमटत नाही. तेवढा प्रकाश आधीच देऊन ठेवला तर सावलीतून येणारा क्षीण उजेडही नोंदला जातो, आणि उन्हातल्या भागाला काही फरक पडत नाही, त्याला मुळातच भरपूर मिळालेला असतो. मंद दिव्याखाली एका पट्टीवर एक, दोन, तीन सेकंद असे टप्पे द्यायचे, डेव्हलप करून (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात बुडवून) पाहायचं आणि जिथे करडी छटा दिसायला लागते त्याच्या एक टप्पा अलीकडची वेळ पक्की करायची. दुसरा, पिवळा फिल्टर. मल्टिग्रेड कागद निळ्या प्रकाशात कडक (नुसतं काळं-पांढरं) आणि हिरव्या प्रकाशात मऊ (मधल्या छटांसह) छापतो. नाटकवाले दिव्यांना लावतात तसला पिवळा पारदर्शक कागद छिद्राच्या आतून चिकटवला की निळा अडतो. वेळ दुप्पट-तिप्पट द्यावी लागते, पण मेणवलीच्या त्याच पायऱ्यांचे सांधे, त्यातलं गवत, पाण्याची ओल सगळं दिसू लागतं. एवढ्या वेळात कृष्णेचं पाणी गुळगुळीत होतं आणि चालती माणसं नाहीशी होतात, तेही सुंदर दिसतं.

अंधारखोली म्हणजे आमची बाथरूम, रात्री. लाल दिव्याची परीक्षा आधी घ्या. प्रीफ्लॅश केलेल्या कागदावर रुपयाचं नाणं ठेवून पाच मिनिटं दिव्याखाली सोडा, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बाद. बाजारातला रंग फासलेला झिरोचा बल्ब यात बहुधा नापास होतो, लाल एलईडी पास होतो. डेव्हलपर 20 अंशांसाठी बनवलेला असतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा ट्रे बर्फाच्या पाण्यात बसवावाच लागतो. वापरलेल्या हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) चांदी असते. तो मोरीत ओतू नका, भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी त्यात बुडवून ठेवली की चांदी खाली बसते. आणि हे ट्रे पुन्हा स्वयंपाकघरात नकोत.

गैरसोय सांगायची तर एका डब्यात एकच फोटो. दोन-तीन डबे भरून न्यावे लागतात किंवा चेंजिंग बॅग (बाहेर असताना अंधारात कागद बदलायची काळी पिशवी). पावसाळ्यात कागदाचं पाकीट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा.

शेवटी सोलरग्राफबद्दल (सूर्याच्या रोजच्या वाटेचा महिनोन्महिने चालणारा पिनहोल फोटो), कारण याची माहिती बहुतेक युरोपातून येते आणि ती आपल्याकडे तशीच लागू होत नाही. कॅनच्या आत कागद लावून महिनोन्महिने सूर्याकडे तोंड करून ठेवायचा, कागद डेव्हलप न करता नुसत्या उन्हाने रंगतो. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत असाच एक कॅन 2012 ते 2020 अशी आठ वर्षं राहिला होता. तिकडे सूर्य खाली असतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड केलं की कमानी नीट मावतात. वाईच्या अक्षांशावर 21 डिसेंबरच्या माध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो, आणि मे महिन्याच्या मध्यात तर डोक्यावर येऊन उत्तरेकडे सरकतो. उभ्या कॅनच्या चौकटीत तो मावतच नाही. म्हणून कॅन पूर्वेला तोंड करून बांधा. डिसेंबर ते जून सूर्योदयाची जागा जवळपास 50 अंश उत्तरेकडे सरकते, आणि उजवीकडे किंचित कललेल्या, जवळजवळ उभ्या रेघांचा पडदा तयार होतो. मार्चमध्ये रेघा विरळ, दोन्ही टोकांना दाट. मृग लागला की रेघा तुटतात, तेव्हाच कॅन उतरवा, कारण पुढचे महिने फक्त पाणी शिरण्याचा धोका आहे.

या कामाला जुना फॉग झालेला (आपोआप काळपट पडलेला) कागदही चालतो. एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओत उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ पेपर पडून असेल तर तो मागून आणा. कागद काढल्यावर हायपोत घालू नका, चित्र फिकं पडतं. स्कॅनरचा उजेडही त्याला काळा करत जातो, म्हणून प्रीव्ह्यू न घेता सेटिंग आधीच लावून एकदाच स्कॅन करा, आणि कागद लगेच काळ्या पाकिटात घाला.