आत्याबाईंच्या गुडघ्यासाठी घेतलेली काठी: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

गुडघेदुखीसाठी आमच्या घरात आजवर बरंच काही आणलं गेलं. त्यात सगळ्यांत जास्त उपयोगी पडली ती ही साधी, उंची कमी-जास्त करता येणारी अॅल्युमिनियमची काठी. साडेपाचशेच्या आसपास पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीची काठी वेगवेगळ्या नावांनी मिळते आणि मी सांगणार आहे ते त्या सगळ्यांना लागू पडेल. पाडव्याच्या सुमारास घेतली, आता दिवाळी होऊन गेली. मधला साताऱ्याचा पाऊसही तिने काढला.

वापरतात आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय 76. उजवा गुडघा चांगलाच झिजलाय, डावा त्या मानाने बरा. डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, सांगितलं आणि हा आमवात नाही हेही तेव्हाच समजावलं. झिजेच्या दुखण्यात सकाळी सांधा आखडतो, पण थोडं चालल्यावर, साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवातात तो तासभर किंवा जास्तही आखडलेला राहतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. ज्यांच्या घरी अजून निदानच झालेलं नाही त्यांनी आधी ते करून घ्या. आमवाताची औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. तिथे नुसती काठी घेऊन बसणं म्हणजे हातचा वेळ घालवणं.

आमचं घर समर्थ मंदिराच्या बाजूला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव, त्यामुळे दाराबाहेर पडलं की चढ नाहीतर उतार. राजवाड्याकडे भाजीला जाताना उतार, परत येताना चढ. पाहुण्यांना वाटतं, चढाचाच त्रास होत असणार. पण आत्याबाई म्हणतात, "चढाला दम लागतो, पण जीव जातोय तो उताराला." ते खरंच आहे. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर अख्खं अंग तोलून धरावं लागतं आणि मांडीच्या स्नायूंना ब्रेकचं काम करावं लागतं. ते स्नायू दुखण्यामुळे आधीच बारीक झालेले असतात.

तरी काठीला त्या तयार नव्हत्या. "काठी धरली की लोकं म्हणत्यात, म्हातारी थकली. भजनाला कशी जाऊ मी?" हे बोलणं मी वर्षभर ऐकलं आणि मला त्यात हट्ट कधी वाटला नाही. आयुष्यभर घर उचलून धरलेल्या बाईला आधार घेताना लोकांनी बघणं जड जातं. त्यांचं मन वळवलं ते फिजिओथेरपिस्ट ताईंनी. त्यांनी सांगितलं की सपाट रस्त्यावर साधं चालतानाही गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, आणि जिन्यावर त्याहून जास्त. काठी त्यातला काही भार हातावर घेते. आत्याबाईंना हे पटलं. भार वाटून घेणं त्यांना समजतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नाही. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. ऐकायला उलटं वाटतं, आणि रस्त्यात बघाल तर कितीतरी आजी-आजोबा दुखऱ्या बाजूलाच धरून एका अंगाला झुकत चाललेले दिसतील. पण आपण चालतो तेव्हा उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो, ती चालण्याची मूळचीच लय आहे. डाव्या हातातली काठी उजव्या पायाबरोबर टेकली की भार त्या पायावर आणि काठीवर विभागला जातो, आणि अंग सरळ राहतं. ताईंनी दवाखान्याच्या व्हरांड्यातच फेऱ्या मारून घेतल्या, मगच आम्हाला सोडलं. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी असं कोणाकडून शिकून घ्या. काठीच्या किमतीपेक्षा ते शिकणं मोलाचं आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. रोजच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात मोकळे सोडायचे, मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ यायला हवी. मग काठी धरल्यावर कोपर किंचित वाकतं. आमच्या घरी मामंजींची वेताची काठी होती, आत्याबाईंचा जीवही होता तिच्यावर. पण ती त्यांना उंच पडायची, खांदा वर चढायचा आणि संध्याकाळपर्यंत मान धरायची. ती आता देवघराशेजारी ठेवली आहे. नव्या काठीला भोकं आहेत, बटण दाबून नळी सरकवायची आणि वरचं कडं घट्ट पिळायचं. बटण 'टक्' करून पूर्ण बाहेर आलं का, हे दर वेळी बघा.

मुठीबद्दल सांगायलाच हवं. छत्रीसारखी वाकडी मूठ हातावर अडकवायला बरी, पण आत्याबाईंचा अंगठाही बुडाशी दुखतो आणि तिथे ती टोचायची. म्हणून आडवी, रुंद मूठ घेतली. तळहाताच्या आकाराच्या मुठीही येतात, मात्र त्या डाव्या आणि उजव्या हाताला वेगळ्या असतात. दुकानदाराला हात कुठला ते सांगूनच घ्या.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. मनगट आणि खांदा भरून यायचा, चालणं उलट हळू झालं, आणि "तुमची काठी तुम्हालाच ठेवा" असंही ऐकून घेतलं. हे होणारच आहे हे आधी माहीत असतं तर घरचे घाबरत नाहीत, म्हणून लिहिते. गुडघ्याची झीज असलेल्या 64 रुग्णांवर ब्राझीलमध्ये झालेला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं. काठीने चालताना सुरुवातीला दम जास्त लागत होता, पण रोज वापरून दोन महिने झाल्यावर तो फरक राहिला नाही, आणि काठी वापरणाऱ्यांचं दुखणं इतरांपेक्षा कमी झालं. आत्याबाईंचंही तसंच झालं. आखाड लागेपर्यंत काठी हातात बसली. पूर्वी राजवाड्यापर्यंत जाताना ओळखीच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसत बसत जायच्या. आता वाटेत एकदाच टेकतात. भजन सुटलेलं नाही, आणि त्यांच्या मंडळातल्या दोघींनी काठीची चौकशीही केली आहे.

मला सर्वांत मोठं समाधान आहे ते दुखण्याच्या गोळ्यांचं. त्यांना रक्तदाब आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या या वयात पोटाला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला त्रास देऊ शकतात, आणि डॉक्टरांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका असं बजावलं होतं. आता गोळीची मागणी क्वचित होते, गुडघ्याला वरून लावायच्या जेलवर भागतं.

जिन्याचा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. चढताना चांगला पाय आधी वर, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. कठडा असेल तर एक हात कठड्यावरच.

तक्रारी आहेत. कडं सैल झालं की काठी खडखडते, आठवड्यातून एकदा पिळावं लागतं. भिंतीला टेकवून ठेवली की घसरून पडते, आणि ज्याचा गुडघा वाकत नाही त्यालाच ती उचलायला वाकावं लागतं. यावर आम्ही पलंगाजवळ आणि चुलीच्या ओट्याजवळ भिंतीला हुक लावले. मनगटात घालायची दोरी पातळ आणि काचणारी आहे, आम्ही तिच्याजागी सुती नाडी बांधली. पण खरी काळजी खालच्या रबराची. आमच्या खडबडीत उतारावर ते एका बाजूने झिजलं, गणपतीपर्यंत खाच दिसेनाशी झाली आणि ओल्या शहाबादी फरशीवर काठी सरकली. आत्याबाईंनी कठडा धरला म्हणून निभावलं. रबर स्वस्त असतं, सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतं. आमच्या नळीला 19 मिलिमीटरचं बसतं. काठी घेतानाच दोन जादा घेऊन ठेवा आणि पावसाळ्याच्या तोंडावर नवं चढवा. शेवाळलेल्या पायरीवर मात्र कुठलंच रबर धरत नाही. तिथे जायचंच नाही.

चार पायांची काठी घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. आम्ही शेजारच्या काकांची वापरून पाहिली. सपाट फरशीवर ती स्वतः उभी राहते, पण आमच्या रस्त्यावर चारी पाय एका वेळी टेकतच नाहीत, डुगडुगते. दोन्ही गुडघे सारखेच गेले असतील किंवा तोल जात असेल तर एक काठी पुरत नाही, वॉकरबद्दल विचारा.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. नीकॅपने ऊब येते, धीर वाटतो, घामाने खाली घसरते. डायक्लोफेनॅकचं जेल खरोखर उपयोगी. सांध्यांसाठी म्हणून घेतात त्या ग्लुकोसामीनच्या गोळ्या बंद केल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी काठीची आणि अशा जेलची ठाम शिफारस आहे, आणि ग्लुकोसामीन वापरू नये असंही तितकंच ठामपणे म्हटलं आहे. महिन्याला त्यावर जात होते ते पैसे कमोडची उंच खुर्ची घेण्यात गेले, आणि तिने दिलेला आराम काठीच्या खालोखाल आहे. उकिडवं बसणं आणि पाटावर मांडी घालणं बंद झालं, जेवण टेबलावर आलं. हे बदल केले नसते तर काठी एकटी काय करणार होती!

व्यायामही चालू आहे. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच मोजायचं, सोडायचं. आत्याबाई आकड्यांऐवजी नामस्मरण करतात. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे ऐकल्यापासून संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा झाला आहे.

काठीने झीज भरून आलेली नाही, येणारही नाही. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी पहिली पावलं अवघड जातात, रात्री कूस बदलताना कधी कळ येते. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला किंवा ताप आला तर मात्र काठी-जेल करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सांधा बदलण्याचा विषय डॉक्टरांनी काढला आहे. आत्याबाईंनी अजून होय म्हटलेलं नाही, आणि तो निर्णय त्यांचाच राहील. मी एवढंच विचारून ठेवलं आहे की ऑपरेशन झालं तर ही काठी चालेल का. डॉक्टर म्हणाले, आधी वॉकर, मग काही आठवडे हीच काठी, फक्त रबर नवं घाला.