ब्रेकची हवा काढायला फवारणी पंप: ऑइल भरून वापरावा की रिकामा?

आत बसून पेडल मारणारा माणूस मिळाला नाही की एकट्यानं ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायला, दाबाचं घरगुती साधन लागतं. आपल्याकडे त्यासाठी हाताशी असतो तो २ लिटरचा हात-फवारणी पंप. नोझल काढायचं, पारदर्शक नळी जोडायची आणि ब्रेक ऑइलच्या टाकीवर बसेल अशा जादा झाकणातून दाब द्यायचा. प्रश्न उरतो तो पंपात नवं ऑइल भरायचं की पंप नुसत्या हवेसाठी ठेवायचा.

दोन्हींसाठी झाकण मात्र सारखंच करावं लागतं. गाडीचं मूळ झाकण भोसकू नका, दुसरं विकत घ्या. ऑइलची पातळी सांगणाऱ्या फ्लोटच्या वायरचं नसेल तर उत्तम. आतली रबरी घडी काढा आणि हवा जायचं बारीक छिद्र बुजवा, नाहीतर दाब तिथूनच निघून जातो. मधोमध भोक पाडून पितळी होज निपल दोन्ही बाजूंनी रबरी वायसर आणि नट लावून आवळा. ठिबकचं ग्रोमेट-टेकऑफ (पाइपच्या भोकात बसवायचं रबर आणि नळीचं तोंड) घरात पडलेलं असतं, त्यामुळे तेच लावायचा मोह होतो. पण ते पीव्हीसी पाइपच्या जाडीसाठी आहे, झाकणाच्या पातळ प्लास्टिकमधून निसटतं.

भरलेल्या पंपाची बाजू खरी आहे. चारही चाकं सलग होतात आणि टाकी मध्येच कोरडी पडायची धास्ती राहत नाही. रोज गाड्या करणाऱ्या गॅरेजवाल्याला हेच परवडेल.

घरच्या एका गाडीसाठी मात्र मला हे साधन नकोसं झालं ते सांडलवंडीमुळे. झाकण कुठे जरा वाकडं बसलं, तर नुसत्या हवेच्या पंपात बहुतेक फुस्स आवाज येतो आणि भरलेल्या पंपात ऑइलची धार फेंडरवर जाते. हे ऑइल रंग खातं, म्हणून लगेच भरपूर पाणी ओतावं लागतं. काम संपल्यावर नळी भरलेलीच असते आणि सोडवताना ठिबकते. टाकी बहुतेक वेळा मॅक्सच्या वर गेलेली असते, मग सिरिंजनं ओढून काढा. पंपात उरलेलं ऑइल हवेतली ओल पिऊन बसतं, ते पुन्हा वापरण्यालायक राहत नाही. शिवाय पंपातल्या ओ-रिंगा नायट्राइल रबराच्या असल्या तर ब्रेक ऑइलनं फुगतात आणि दांडा अडकायला लागतो. ब्रेक ऑइलला ईपीडीएम रबर चालतं, पण पंपात कुठलं आहे हे दुकानदार सहसा सांगू शकत नाही.

रिकाम्या पंपात यातलं जवळपास काहीच होत नाही. तिथे जाच एकच, दर थोड्या वेळानं दाब सोडून टाकी भरायची. त्याला उपाय म्हणजे जुनं ऑइल ज्या बाटलीत घेता, तिच्यावर १०० मिलीची खूण करा. खुणेपाशी आलं की चाकापाशी असलेलं, ऑइल सोडायचं ब्लीड निपल बंद, दाब सोडा, झाकण उघडा, नवं ऑइल ओता. हे विसरून टाकी तळाला गेली तर हवा टाकीखालच्या मास्टर सिलिंडरमध्ये शिरते, आणि एबीएसच्या गाडीत ती बाहेर काढायला कधी कधी स्कॅनर लागतो. घाईच्या माणसानं इथे दोनदा विचार करावा.

मग पंप तरी कशाला, झाकणाला टायरचा वॉल्व्ह लावून पायपंपानं हवा भरली तर? टाकीतली मोकळी जागा १०० मिली आणि दाब १५ पीएसआय धरा. १०० मिली ऑइल बाहेर गेलं की हवेला दुप्पट जागा मिळते आणि दाब जवळपास शून्यावर येतो. मध्ये २ लिटरचा रिकामा पंप असेल तर तेवढंच ऑइल गेल्यावरही साडेतेराच्या आसपास टिकतो.

दाब १० ते १५ पीएसआय पुरे. २० च्या वर जाऊ नका आणि स्टेपनीतून थेट हवा तर मुळीच नको, प्लास्टिकची टाकी तडकते. चाकाचं ब्लीड निपल पाव ते अर्धा फेरा उघडा. तिथून बाटलीत जाणारी नळी निपलवर घट्ट हवी आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात पाहा, कारण सगळ्याच गाड्यांना लांबचं चाक आधी हा नियम लागू नाही.

कपाशीवर किंवा केळीवर औषध मारलेला पंप कितीही धुतलेला असो, तो घेऊ नका. बऱ्याच औषधांत तेलकट सॉल्व्हंट असतं, त्याच्या अंशानंही ब्रेकमधली रबरं फुगू शकतात. नवा पंप त्यापुढे स्वस्तच.

कन्नडचा घाट उतरताना पेडल मऊ पडत असेल तर मात्र नुसती हवा काढून थांबू नका. डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, ओल धरलेलं १४० लाही उकळू शकतं. पूर्ण बदला. लहान गाडीला साधारण लिटरभर ऑइल हाताशी ठेवा. ज्यांना तरीही भरलेलाच पंप करायचा आहे त्यांनी झाकणाच्या अलीकडे नळीत एक छोटा कॉक बसवावा, म्हणजे नळी सोडवताना निदान धार तरी थांबेल.