पेटी बंद झाल्यावरची तालीम: सदाशिव पेठेतल्या एका हौशी समूहगान वर्गाचे परीक्षण

पुण्यात सुगम संगीताचे वर्ग गल्लोगल्ली आहेत, पण चारचौघांनी मिळून कसे गावे हे शिकवणारी जागा मात्र शोधावी लागते. सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी भरणारा हा वर्ग अशा मोजक्या जागांपैकी एक आहे. प्रवेशासाठी स्वरचाचणी नाही, वयाची अट नाही आणि पूर्वी गाणे शिकलेले असावे अशी अपेक्षाही नाही. त्यामुळे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, भजनी मंडळातल्या गृहिणी आणि महाविद्यालयातली मुले एकाच सतरंजीवर बसतात. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ‘ताई’ म्हणतात, त्यांच्याहून वयाने बरेच मोठे असलेले काकासुद्धा.

एका सत्रात पोवाडा, एकनाथांचे भारूड, एक बंगाली समूहगीत आणि एक कोकणी मांडो (गोव्यातले संथ नृत्यगीत) असा ऐवज असतो. ही निवड केवळ कार्यक्रमपत्रिका रंगीत दिसावी म्हणून केलेली नाही, हे दोन-तीन तालमींतच लक्षात येते. प्रत्येक प्रकारात समूहाचे काम वेगळे असते आणि ताई नेमके तेच काम शिकवतात. पोवाड्यात शाहीर व्हायला सगळेच उत्सुक असतात, झीलकरी, म्हणजे शाहिरामागून ‘जी जी’ची साथ धरणारे, व्हायला कोणी तयार नसते. परंतु खरी परीक्षा झीलकऱ्यांचीच असते. शाहिराचा शेवटचा शब्द ऐकून मग श्वास घेतला तर ‘जी जी’ हमखास अर्धी मात्रा उशिरा येते आणि डफाने उभा केलेला सगळा आवेश तिथेच गळून पडतो. ताईंनी त्यावर काढलेला उपाय साधा आहे: शाहीर शेवटून दुसऱ्या शब्दावर असतानाच सर्वांनी श्वास घ्यायचा आणि झील त्याच्या शेवटच्या अक्षराला भिडवायची. एवढ्या एका सूचनेने तीच माणसे वेगळी वाटू लागली.

मांडोची तालीम हा या वर्गाचा सर्वांत कसदार भाग आहे. मांडो सहा मात्रांत बसतो, म्हणून आपल्याकडचे लोक चटकन दादऱ्याचा ठेका धरतात आणि त्याची संथ, डुलती चाल उगीच धावू लागते; वेग वाढवायचा तो पुढे दुलपदात, म्हणजे मांडोनंतर येणाऱ्या जलद गीतात. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे त्यातले दोन आवाज, जे बहुतेक वेळ एकमेकांपासून तिसऱ्या स्वरावर समांतर चालतात. आरती आणि भजन एका सुरात म्हणण्याची सवय असलेल्या कानाला मुख्य चाल सतत आपल्याकडे ओढून घेते. ताई म्हणूनच खालचा आवाज आधी सर्वांना शिकवतात आणि मुख्य चाल नंतर काढतात, म्हणजे दुसरा आवाज दुय्यम आहे ही समजूत रुजायलाच नको. संगीतकार सलिल चौधरी यांनी १९५८ साली ‘बॉम्बे युथ क्वायर’ उभा करून वेगवेगळ्या स्वरपंक्ती एकमेकींवर रचण्याची जी वाट आपल्या समूहगानाला दाखवली, तिची गोडी बंगाली गीताआधी मांडोतूनच लागते, हा क्रम मला फार योग्य वाटला. बंगाली गीताचे उच्चार देवनागरीत लिहून दिलेले असतात. ते पुरेसे नाहीत, पण चालून जाते. भारुडात शब्द आपोआप पुढे येतात, त्यामुळे तिथे फारसे अडत नाही.

पट्टीचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. पुरुषांना काळी एक (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा ‘सा’) सोयीची आणि बायकांना काळी चार किंवा पाच. सुरुवातीच्या तालमींत यावर मधला मार्ग म्हणून पांढरी चार धरली जाते आणि दोन्ही बाजूंचे हाल होतात: पुरुषांना तार गंधारावर (वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर) ओरडावे लागते, तर बायकांचा आवाज मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) पोहोचतच नाही. पुढे ताई एक अंतरा पुरुषांना काळी एकमध्ये देतात आणि दुसऱ्या अंतऱ्यात त्यांचाच मध्यम (‘म’) हा षड्ज (‘सा’) मानून बायकांना काळी तीनमध्ये गायला लावतात. ही युक्ती इतकी सुंदर बसते की ती पहिल्याच दिवशी का वापरत नाहीत, हे कोडे आहे.

माझी मोठी तक्रार पेटीबद्दल आहे. तालमीचा बराचसा वेळ पेटी प्रत्येक स्वर सोबत वाजवते, गाणारे तिच्यावर रेलतात आणि शेजाऱ्याचा आवाज कोणी ऐकतच नाही. त्यातच पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, त्यामुळे ठेहराव घेऊन लावायचे स्वर कधीच पुरते मिळत नाहीत. अखेरच्या अर्ध्या तासात ताई पेटीचा भाता बंद करून फक्त इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावतात. पहिले कडवे डळमळते, दुसऱ्या कडव्यात लोक एकमेकांकडे कान देऊ लागतात आणि तिसऱ्यात गंधार एकदम जुळून येतो. हा अर्धा तास वाढवून पूर्ण तासाचा केला, तर शुल्क थोडे वाढले तरी मी तक्रार करणार नाही.

वार्षिक कार्यक्रम जवळ आला की ही सगळी शिस्त सैल होते. गाण्यांची संख्या वाढते, पाठांतरावर भर येतो आणि ज्या गाण्यांत आवाज नुकते जुळू लागलेले असतात ती ‘बसली’ असे समजून बाजूला ठेवली जातात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्यांसारखा हा प्रकार आहे. चार गाणी नीट म्हणणाऱ्या समूहाकडून दहा गाणी कशीबशी म्हणवून घेण्यात प्रेक्षकांचाही फायदा नाही.

बाकी व्यवस्था ठीक आहे. सभागृह उंच छताचे असल्यामुळे आवाज घुमतो आणि पंखे चालू असले तर मागच्या रांगेला खर्ज ऐकू येत नाही. मागे बसणाऱ्यांनी आधीच पुढची जागा धरावी. शुल्क सहा महिन्यांचे एकदम भरावे लागते आणि चुकलेल्या तालमीची भरपाई होत नाही. घरी सरावासाठी व्हॉट्सॲपवर ध्वनिमुद्रणे मिळतात, ती उपयोगी आहेत. मात्र सगळी ताईंच्याच आवाजात, बायकांच्या पट्टीत आणि फक्त मुख्य चालीची असतात. मांडोचा खालचा आवाज आणि पुरुषांच्या पट्टीतला अंतरा स्वतंत्र मुद्रित करून द्यावा, अशी विनंती आम्ही काही जणांनी केली आहे, आणि पुढच्या सत्रापासून तसे करू असे ताईंनी सांगितले आहे.