शाळेचं दप्तर ठेवायचं कुठं? सॉफ्टवेअरमध्ये की साध्या फोल्डरात?

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आमच्या शाळेच्या ऑफिसात शिरलं आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे भिजले. पंख्याखाली पान पान सोडवत, मध्ये टीपकागद घालत आम्ही जनरल रजिस्टरं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या, वाळवली. दौत-टाकाने लिहिलेल्या जुन्या नोंदी बऱ्यापैकी वाचल्या. जेल पेनने लिहिलेली अलीकडची पानं मात्र निळी रांगोळी झाली. पुढे 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि 1967 पूर्वीचं रजिस्टर बघायला रोज माणसं येऊ लागली. पन्नास वेळा उलटलं की पान कोपऱ्यातून सुटतंच. त्यामुळे स्कॅन करावं का, हा प्रश्न उरलेला नाही. स्कॅन करून ठेवायचं कुठं, हे ओळखीचे क्लार्क अजून विचारतात, म्हणून लिहितोय. आम्ही दोन्ही करून बसलोय.

एक वाट म्हणजे वार्षिक वर्गणीचं तयार सॉफ्टवेअर. पान चढवायचं, नाव, इयत्ता, साल भरायचं आणि नंतर शोधायचं. दुसरी वाट म्हणजे नीट नावं दिलेले फोल्डर, सोबत एक्सेलमध्ये सूची आणि दोन हार्ड डिस्क. किमती, जागा वगैरे तुम्हाला कोणीही सांगेल.

सॉफ्टवेअरचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. आजोबांची नोंद शोधत एक गृहस्थ आले. आडनाव टाकलं, साल अंदाजे टाकलं, आणि त्यांचा चहा निवायच्या आत पान समोर. शिवाय कोणी कधी काय उघडलं, काय बदललं, याची नोंद आपोआप राहते. जन्मतारीख आणि जातीच्या रकान्यावरून काय काय होतं हे शाळेत काम केलेल्याला सांगायला नको, तेव्हा ही सोय लहान नाही. फोल्डरात ती नाही. आमच्याकडे एकाचा माउस घसरला आणि 1958 चं अख्खं रजिस्टर स्नेहसंमेलनाच्या फोटोंच्या फोल्डरात जाऊन बसलं. सापडेपर्यंत दोन दिवस ऑफिसात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

तरीही मी आज फोल्डरवर आहे, आणि त्याचं कारण एकच. तीन वर्षांनी वर्गणी वाढली, संस्थेने ती नाकारली आणि आम्ही सॉफ्टवेअर कंपनीकडे आमचा डेटा परत मागितला. मिळाला, तसं नाही म्हणत नाही. पेन ड्राइव्हवर सगळ्या फाइली होत्या. नावं मात्र नुसते आकडे. आम्ही हौसेनं भरलेलं रजिस्टर क्रमांक, नाव, साल हे सगळं त्यांच्या डेटाबेसमध्ये होतं, फाइलवर त्याचा मागमूस नव्हता. त्याची यादी वेगळ्या फाइलमध्ये दिली होती. ती उघडली तर आकडे जागेवर, आणि जिथं जिथं मराठी होतं तिथं ओळीनं प्रश्नचिन्हं. ‘पाटील’ही प्रश्नचिन्हं, ‘कांबळे’ही प्रश्नचिन्हं. युनिकोड सोडून कशात तरी सेव्ह केलं की असं होतं, हे नंतर कळलं. तोपर्यंत मूळ डेटा त्यांच्याकडूनही पुसला गेला होता. मग उन्हाळी सुट्टीत मी आणि आमचे एक शिपाई मामा एकेक फाइल उघडायचो. ते पान वाचायचे, मी नाव द्यायचो. पुरातल्या पानांचा त्रास देवानं दिलेला होता, हा आम्ही पैसे मोजून घेतला.

सगळीच सॉफ्टवेअर अशी असतील असं नाही. आमचं नशीब म्हणा. पण फोल्डरात हा प्रसंग येऊच शकत नाही, कारण माहिती फाइलच्या नावातच असते. आमची पद्धत: आधी रजिस्टरचा क्रमांक, मग पान, मग साल, आणि सगळं रोमन अक्षरांत. मराठीचा अभिमान बाजूला ठेवून हे केलंय. देवनागरी नावांच्या फाइली झिप करून दुसऱ्या जुन्या मशीनवर उघडल्या की नावांचा चिवडा होतो. पान क्रमांक 042 असा तीन आकडी, नाहीतर काही ठिकाणी फाइली क्रमाने लावताना 2 च्या आधी 10 आणि 100 येऊन बसतात. विद्यार्थ्यांची नावं मराठीत, पण ती एक्सेलच्या सूचीत. शोधायला तेवढं पुरतं. ज्ञानू, ज्ञानोबा, ज्ञानदेव हा घोळ दोन्हीकडे सारखाच, तो कोणतंही यंत्र सोडवत नाही.

स्कॅन 300 डीपीआयला रंगीत, प्रत्येक पानाची पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ जपून ठेवण्यासाठीचा पीडीएफचा प्रकार. या प्रकारात फाँट फाइलमध्येच बसवलेले असतात. ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी टाइप केलेलं संस्थेचं इतिवृत्त उघडून इंग्रजी अक्षरांचा कचरा पाहिलाय, त्यांना याचं मोल कळेल. मूळ डिस्क कुलपात, रोजच्या वापराला फक्त वाचता येणारी प्रत (माउस प्रकरणानंतर सुचलेलं शहाणपण), दुसरी डिस्क संस्थेच्या वरच्या गावातल्या शाखेत, जिथं नदी पोचत नाही. दरवर्षी निकालानंतर दोन्ही डिस्कच्या फाइली चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा आकडा, फाइल बिघडली की तोही बदलतो) काढून ताडून बघतो. एक अख्खी दुपार जाते, कंटाळवाणं काम आहे आणि ते करणारं माणूस हवंच. मी निवृत्त झाल्यावर कोण करेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. सॉफ्टवेअरवाले ते आपणहून करतात असं सांगतात.

कागद मात्र दोन्ही वाटांत जपायचाच. जात पडताळणीचं दक्षता पथक येतं तेव्हा मूळ रजिस्टर मागतं, स्क्रीन नाही.

तुमच्या संस्थेच्या पाच-सहा शाखा असतील, प्रत्येक ठिकाणाहून दाखले निघत असतील आणि कोणी काय उघडलं याचा हिशेब लागत असेल, तर मी सॉफ्टवेअरला नको म्हणणार नाही. एक शाळा, एक क्लार्क, आणि वर्गणी दरवर्षी मंजूर होईल याची खात्री नसेल, तर मला वाटतं फोल्डर बरे. तरीही डेमो घ्यायचाच असेल तर आलेल्या पोराला चहा द्या, दहा पानं चढवायला लावा, मराठी नावं भरायला लावा. मग आपला पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणा, आता हे सगळं नावांसकट यात परत काढून दे. आमच्याकडे परवा एक आला होता. तो म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो.