खोक्यावरचे लुमेन बघून बॅटरी घेऊ नका : वुर्कोस एफसी11 वापरून बघितली

आमच्याकडं पाण्याच्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, त्यामुळं रात्री एक वाजता उठून उसात दारं धरायला जाणं नेहमीचंच, आणि जुन्नर साईड म्हटल्यावर बिबट्याचं वेगळं सांगायला नको. आधी बाजारातनं साडेतीनशेची झूमवाली बॅटरी आणलेली, खोक्यावर 90000 लुमेन (उजेडाचं माप) आणि आत 9900 एमएएचचा (सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप) सेल. आता 18650 सेल म्हणजे 18 मिमी जाड, 65 मिमी लांब, त्यात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचे पण साडेतीन हजारच्या आसपासच बसतात, म्हणजे 9900 दिसलं की दुकानातनंच माघारी फिरायचं असतं. मी फिरलो नाय. दुसऱ्याच पावसात काचेच्या आतनं वाफ धरली आणि बांधावर मधोमध गेली, मोबाईल दातात धरून घरी आलो.

मग ही वुर्कोस मागवली, सेलसकट अडीच हजाराच्या आत पडली. अण्णा म्हणले एवढ्यात करडू आलं असतं.

कंपनी 1300 लुमेन सांगते, पण ते टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोरातल्या उजेडावर, आणि थोड्या वेळात डोकं तापून उजेड आपोआप खाली येतो. एवढ्या बारक्या बॅटरीत उष्णता जाणार कुठं, कुठलीही घ्या हेच होणार. चालायला मधला उजेड भरपूर होतो.

खरी गोष्ट रंगाची. एलईडी 90 सीआरआयची आहे (रंग किती खरे दिसतात त्याचं माप, शंभरपैकी), मी 4000 केल्विनवाली (उजेडाच्या रंगछटेचं माप) घेतली, जरा पिवळसर. जुन्या निळ्या उजेडात पाचट, माती, साप सगळं एकच राखाडी. हिच्यात पाटाच्या कडेला पाचटात पडलेल्या घोणशीच्या अंगावरचे तपकिरी गोल काळ्या कडेसकट दिसले, ते पण पाय टाकायच्या दोन पावलं आधी. हे लुमेनमध्ये मोजता येत नाय.

मागं लोहचुंबक आहे, स्टार्टरच्या पेटीला चिकटवली की फ्यूज बघायला दोन्ही हात मोकळे. चार्जिंग मोबाईलच्याच सी टाईप वायरनं, फक्त पावसात जायच्या आधी रबराचं झाकण नीट दाबा.

उजेड पसरट आहे, लांब फेकत नाय. उसाच्या पल्याडच्या टोकाला डोळे चमकतात का बघायचं असेल तर थ्रोवाली वेगळीच घ्यावी लागेल. बटण बाजूला असल्यानं खिशात दाबलं जाऊ शकतं, मागचं टोपण जरा सैल करून ठेवत जा. आणि ते स्वसंरक्षणाचं लुकलुकणं, स्ट्रोब, वस्तीवरच्या कुत्र्यांवर मारून बघितलं तर ती जास्तच भुंकायला लागली. त्यांच्या पुढ्यात जमिनीवर उजेड धरून शांत चालत गेलेलं बरं.

परवा रात्री बॅटरी सापडंना, अण्णांच्या उशाखाली निघाली. दुसरी मागवलीय.