पेन्सिलीच्या फुल्या आणि माझी अकरा वर्षं

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं. ६ जून २०११ ला लागलो, ३० सप्टेंबर २०२२ ला आईच्या आजारपणामुळे सोडलं. शेवटी बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये होते. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, मागायला गेलो तेव्हा शेठनी माझी फाइल उघडली आणि सांगितलं की माझी नोकरी पावणेदोन वर्षांची आहे. पाच वर्षं भरलेली नाहीत, त्यामुळे काही निघत नाही.

फाइलमध्ये माझ्याच सहीचे दोन राजीनामे होते.

हे कसं घडलं ते सगळं लिहितो, कारण छोट्या कारखान्यांमध्ये ही युक्ती अजूनही चालते आणि तिला बळी पडायला माणूस अडाणी असावा लागत नाही. मी बी.कॉम. आहे.

मार्च २०१६ मध्ये आमची भागीदारीची फर्म प्रायव्हेट लिमिटेड होणार होती. अकाउंटंट दांडिया बाजारचे, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. मी त्यांना काकाच म्हणायचो. एके दिवशी दुपारच्या चहानंतर ते स्टोअरच्या खिडकीशी चार कागद घेऊन आले. राजीनामा, सगळा हिशेब मिळाल्याची पावती, नोकरीसाठी नवा अर्ज आणि नवं नेमणूकपत्र. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या. तारखेच्या जागा कोऱ्या. पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला.

"काका, राजीनामा कशाला?" मी विचारलं.

"अरे, कंपनीचं नाव बदलतंय, सगळ्यांच्याच सह्या घेतोय. पगार तोच, जागा तीच."

मागून शेठ म्हणाले, "आ तो खाली फॉर्मालिटी छे, भाई." म्हणजे ही नुसती औपचारिकता आहे.

बाहेर पत्र्याची गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी फुल्या बघत गेलो आणि सह्या करत गेलो. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

त्या कागदांवर नंतर तारखा पडल्या. राजीनामा ३१ मार्च २०१६ चा, नवी नेमणूक ४ एप्रिलची. माझी पाच वर्षं भरायला तेव्हा दोन-सव्वादोन महिने उरले होते. दुसऱ्या वेळी कारण होतं नवीन लेटरहेड: राजीनामा ३१ डिसेंबर २०२०, नेमणूक ४ जानेवारी २०२१. म्हणजे पुन्हा पाच वर्षांच्या तोंडावर. तारखा अशा शेजारी शेजारी मांडल्या की हेतू लपत नाही, पण मी त्या कधी मांडल्याच नव्हत्या. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख पडल्याचा मेसेज मोबाइलवर आला होता. मी तो वाचलाही होता. काकांनी कंपनी बदलल्यामुळे असं येतं म्हणून सांगितलं आणि मी गप्प बसलो.

पैसे किती बुडत होते तेही सांगतो. तेव्हाचा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला, दुकानाला लागू होता. सलग पाच वर्षं झाली की नोकरी स्वतः सोडली तरी ग्रॅच्युइटी मिळते; राजीनामा दिला की हक्क गेला, हा समज चुकीचा आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांचीही अट नाही. महिना २६ दिवसांचा धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. माझे जेमतेम चार महिने होते, म्हणून अकराच वर्षं. १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ११. एक लाख चौदा हजार दोनशे एकतीस रुपये. आईच्या औषधांचा खर्च चालू असताना ही रक्कम माझ्यासाठी किती मोठी होती, ते वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी मी शेठशी भांडलो नाही. सही माझी होती. आता बोलायचं कुठल्या तोंडाने, असंच वाटत होतं. या फसवणुकीची खरी ताकद इथे आहे: माणूस स्वतःलाच दोषी धरतो आणि दार वाजवायच्या आधीच परत फिरतो. रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "राजीनामा दिल्यावर तुम्ही घरी कधी बसलात?"

बसलोच नव्हतो. ३१ मार्चनंतर रविवार सोडून एकही दिवस नाही. मग ते सिद्ध कसं करायचं? हजेरीपत्रक कंपनीच्या कपाटात. पीएफचं पासबुक काढलं तर त्यात मार्च आणि एप्रिल २०१६ दोन्ही महिन्यांची वर्गणी होती, एकही महिना कोरा नव्हता. बँकेतही दर महिन्याचा पगार जमा. पण मधल्या त्या दोन-तीन दिवसांचं काय? तेव्हा मला ती पत्र्याची गाडी आठवली. माल उतरला की पुरवठादाराच्या चलनावर सही मीच करायचो आणि पिवळी प्रत त्यांच्याकडे जायची. मी त्या व्यापाऱ्याकडे गेलो. भला माणूस. त्यांच्या मुनीमजींनी माळ्यावरून जुन्या फायली काढल्या, धूळ झटकली आणि तासाभराने एक पिवळा कागद माझ्यापुढे ठेवला. शनिवार, २ एप्रिल २०१६. आठ मिलिमीटरची प्लेट, बारा नग. खाली "माल मिळाला", कंपनीचा शिक्का आणि माझी सही.

कागदावर मी त्या दिवशी बेकार होतो.

मग रीतसर अर्ज केला, स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवून. नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. उशिराला सबळ कारण असेल तर निव्वळ उशिरापायी तो फेटाळता येत नाही. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत मालकाने ती द्यायची, नाही दिली तर व्याज चढतं. आमच्याकडून लेखी नकार आला: सेवा सलग नाही. तो नकार हातात आल्यावर नव्वद दिवसांच्या आत कामगार खात्यातल्या नियंत्रक अधिकाऱ्याकडे दाद मागितली. स्वतः उभं राहून बोलता येतं, वकील लागतोच असं नाही. कंपनीच्या वकिलांनी राजीनामे आणि पावत्या दाखवल्या, स्वखुशीने हिशेब घेतला म्हणाले. साहेबांनी ते पिवळं चलन दोनदा वाचलं आणि विचारलं की नोकरी सोडलेला माणूस तुमच्या गेटच्या आत माल कसा उतरवून घेतो. उत्तर आलं नाही. चौदा महिने तारखा चालल्या, पण पूर्ण अकरा वर्षांची रक्कम मिळाली, दहा टक्के सरळ व्याजासकट. फर्मची कंपनी झाली म्हणून त्याच जागी तेच काम करणाऱ्याची मागची नोकरी पुसली जात नाही, आणि या कायद्याने दिलेला हक्क मालक करार लिहून घेऊन काढून घेऊ शकत नाही.

आमच्यातला एक वेल्डर मात्र तसाच राहिला. खानदेशातून आलेला, माझ्याआधीपासून कामाला. पगार रोखीने, पीएफ नाही, चलनावर सही करायचं काम नाही. "सही तर मीच केली ना भाऊ," म्हणाला आणि अर्जच केला नाही. मी दोनदा त्याच्या खोलीवर जाऊन आलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून कळकळीने सांगतो, नोकरी सोडायची नसेल तर राजीनाम्यावर सही करू नका, कितीही जवळच्या माणसाने कागद आणला तरी. करावीच लागली तर तारीख स्वतःच्या हाताने घाला, मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला मेसेज टाका की तुमच्या सांगण्यावरून सही केली, मी कामावर आहे. आपल्या सहीचं जे जे कारखान्याबाहेर जातं, चलन, गेटपास, बँकेची स्लिप, त्याची एक तरी छबी घरी असू द्या. पीएफ पगारपत्रकात कापलेला दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका; मालकाने तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि भरला की नाही ते पासबुकातच कळतं.

हे वाचणारे कोणी कारखानदार असतील तर त्यांच्याशीही बोलायचं आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिक आणि महागाई भत्त्याच्या साधारण ४.८१ टक्के. दर महिन्याला तेवढे बाजूला काढले, किंवा एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी घेतली, तर माणूस जाताना एकदम बोजा पडत नाही. शेठनी माझ्यावर वाचवायला घेतलेले पैसे व्याज आणि वकिलाच्या फीसकट गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. ग्रॅच्युइटी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ती मिळते, आणि नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. पाच वर्षांच्या तोंडावर नोकरी तोडायचा सल्ला देणारे सल्लागार आता तरी बदला.

गेल्या महिन्यात काका घरी आले होते. एकोणीस वर्षांनी त्यांनाही रिकाम्या हाताने पाठवलं, त्यांच्या फाइलमध्ये तीन राजीनामे निघाले. बराच वेळ चहाला हातही न लावता बसले आणि मग म्हणाले, "तुझ्या कागदांवर फुल्या मी मारल्या होत्या. माझ्या कागदांवर शेठच्या मुलाने मारल्या." मला राग यायला हवा होता, पण समोर बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसावर तो येईना. त्यांच्या पिशवीत बँकेत पैसे भरल्याच्या स्लिपांचे गठ्ठे होते, वर्षावार रबर लावलेले, सगळ्या त्यांच्या अक्षरातल्या. आम्ही जमिनीवर पसरून राजीनाम्यांच्या तारखांच्या पुढचे दिवस शोधले. दोन सापडले. तिसरा अजून शोधतोय. सोमवारी अर्ज द्यायला त्यांच्याबरोबर मी जाणार आहे.